हृदयातल्या मायट्रल व्हॉल्व्हचं (झडपेचं) दुसऱ्यांदा रिपेअर कोणी करून घेतलंय का? मदत हवी आहे

मंडळी, आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारातले. धाकटी बहीण, वय 29. लहानपणी सांधे धरून ताप आला आणि मायट्रल व्हॉल्व्ह खराब झाला. 2013 मध्ये रिपेअर झालं, झडपेला आधार म्हणून रिंग बसवली. दर 21 दिवसांनी पेनिड्युरचं (पेनिसिलिनचं) इंजेक्शन आजही चालू आहे.

यंदा नवरात्रात गरब्याची एक फेरी मारून ती कडेला बसली, आणि चपलेचा पट्टा नीट करत बसली ती परत नाचायला उठलीच नाही. इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) झडपेची गळती 'सिव्हिअर'.

इथले डॉक्टर म्हणतात बदला, मेटलचा टाका. लग्नाला दोन वर्षं झालीत, मूल हवंय. मेटल म्हणजे जन्मभर रक्त पातळ ठेवायची गोळी, आयएनआर (रक्त किती पातळ आहे त्याचा आकडा) 2.5 ते 3.5, आणि ती गोळी गरोदरपणाच्या सहाव्या ते बाराव्या आठवड्यात बाळाला धोक्याची. टिश्यूचा घ्यावा तर तरुण वयात लवकर झिजतो, म्हणजे तिसऱ्यांदा छाती उघडणं आलंच.

अहमदाबादचे एक सर्जन मात्र म्हणाले, तिचीच झडप वाचते का बघू. आखडलेल्या पाकळीला हृदयावरच्या आवरणाचा तुकडा लावून ती मोठी करायची, रिंग बदलायची. हमी नाही. पाकळ्या फार जाड निघाल्या तर तिथल्या तिथे बदलायचा, तशी सही आधीच द्यायची. पहिल्या ऑपरेशननंतर हृदय छातीच्या हाडाला मागून चिकटतं, म्हणून आधी सीटी. मला माणूस पटला, कारण त्यांनी इको स्वतः दोनदा पाहिली.

घोळ असा की पहिल्या ऑपरेशनची नोट मिळत नाहीये. त्या हॉस्पिटलात दोन खेपा झाल्या, 'जुनं रेकॉर्ड नाही' एवढंच उत्तर. डिस्चार्ज कार्डावर रिंगचा नंबर होता, त्यावर आता चहाचा डाग आहे. (तो माझाच.)

संधिवाताने खराब झालेल्या व्हॉल्व्हचं पुन्हा रिपेअर कोणाचं झालंय का, आणि किती वर्षं टिकलं? आवरण पहिल्या वेळीच वापरलं असेल तर दुसऱ्यांदा पुरतं का, की गाईचं लावतात? अन्ननलिकेतून करतात ती इको आधी करून घ्यावी का? आणि नोटेशिवाय कोणी ऑपरेशनला उभं राहिलंय का?

उत्तर इथेच द्या, मेसेजमध्ये नको. बहीणही वाचतेय. आईला मात्र अजून 'साधं चेकअप' एवढंच सांगितलंय, तेव्हा ओळखीचं कोणी असाल तर घरी फोन करू नका.