ग्राफिटी, भित्तिचित्र की चितारलेली भिंत?

(गोव्यातल्या चौघांच्या गप्पा; नावाच्या जागी प्रत्येकाचं गाव.)

फोंडा: आमच्या कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एका बंद शेडची लांबलचक भिंत रंगतेय. आधी तारेच्या ब्रशने शेवाळ खरवडलं, प्रायमर मारला, खडू लावलेली सुतळी झटकून चौकटी आखल्या. आता खाडीकाठची खाजन शेतं, बांध, बगळे दिसायला लागलेत. खाली पाटी लावायची आहे. 'ग्राफिटी' लिहू की 'भित्तिचित्र'? इथली मंडळी दोन्हींना नाकं मुरडतात.

पणजी: ग्राफिटी नको. ती सहसा बिनपरवानगीची, रातोरात उरकलेली, पुष्कळदा नुसती स्वतःच्या नावाची सही. दिल्लीत लोधी कॉलनीतल्या सरकारी घरांच्या भिंती रंगल्या, किंवा मायामीत विनवूडची गोदामं २००९ पासून रंगली, ती ठरवून, मालकाला विचारून. ते म्युरल, म्हणजे भित्तिचित्र. आणि हो, 'भित्तीचित्र' असं दीर्घ लिहू नका. समासात 'त्ति' ऱ्हस्वच.

डिचोली: परवानगीचं ठीक, पण मूळ अर्थ बघा. 'ग्राफिटी'च्या मुळाशी इटालियन क्रियापद आहे, त्याचा अर्थ ओरखडणे, खरवडणे. त्या हिशेबाने गोव्यातली अस्सल ग्राफिटी म्हणजे आपली कावी! काव म्हणजे तांबडी माती. चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर काव मिसळलेल्या चुन्याचा थर द्यायचा आणि तो ओला आहे तोवर टोकदार हत्याराने वेलबुट्टी खरवडायची. तांबडं निघतं, खालचं पांढरं दिसतं. मोरजीच्या मोरजाईच्या देवळात जाऊन बघा. इटलीत याच तंत्राला स्ग्राफीतो म्हणतात, शब्द त्याच कुळातला. म्हणजे देवळाची भिंत ग्राफिटी आणि तुमची शेड नाही!

फोंडा: हे पाटीवर लिहिलं तर मार खाईन.

म्हापसा: 'भित्तिचित्र' म्हटलं की अजिंठा डोळ्यांपुढे येतो, शेडला तो भार झेपत नाही. शिवाय शब्द फार ताणलाय आपण. पणजीत मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या दाराशी निळ्या अझुलेजोंची भिंत आहे. तिलाही लोक भित्तिचित्र म्हणतात, आणि त्या तर चित्र काढून भाजलेल्या फरश्या. आपल्याकडे 'चितारणे' हे सरळ क्रियापद असताना ही ओढाताण कशाला? आमची आजी दिवाळीआधी तुळशीवृंदावन 'चितारून' घ्यायची, रंगवून नव्हे. कुंकळ्ळीचे चितारी लाकडावर लाखेचे रंग चढवतात, त्यांचं नावच या कामावरून पडलं. 'चितारलेली भिंत' लिहा.

पणजी: कानाला गोड आहे. पण पंचायतीच्या अर्जात 'भित्तिचित्र'च टाका, नाहीतर कारकून अर्ज परत करील.

फोंडा: आज पेंटरबाबांनाच विचारलं. शिडीवरून न उतरता म्हणाले, "वॉलपेंटिंग लिहा, आणि खाली माझा फोन नंबर. ठळक."