मदत हवी: मोठ्या पावसानंतर पाहुण्यांना हत्तरसंग कुडल आणि नळदुर्ग फिरवायचंय, रस्ता कसा लावू?

बाळीवेसकर
मंडळी, शनिवारी सोलापूरला नागपूरहून पाहुणे येतायत. सतरा सीटर टेम्पो ट्रॅव्हलर आणि मागे एक स्विफ्ट. पुढे बसून रस्ता दाखवायचा आणि माहिती सांगायची, दोन्ही कामं माझ्याकडे. बेत असा: सकाळी हत्तरसंग कुडल (भीमा-सीना संगमावरची जुनी मंदिरं), दुपारी नळदुर्गचा किल्ला, संध्याकाळी सोलापुरातलं सिद्धेश्वर मंदिर. पण पावसाने झोडपून काढलंय आणि सीना भरून चाललीये. सीनेवरचा वडकबाळचा पूल आज तरी चालू आहे. बरोबर दोन वयस्कर माणसं आहेत. कुडल ठेवू का काढू? गाडी रुतली तर बरोबर काय काय असावं?

हत्तूरनाका
मालक, आधी नद्या बघा, मग अंतर. विजयपूर रोडने वडकबाळला सीना ओलांडली की थेट टाकळीच्या भीमेपर्यंत तुम्ही दोन नद्यांच्या बेचक्यात असता. कुडल हे त्या बेचक्याचं टोक, तिथेच संगम. दोन्ही पाणी चढलं की तो सगळा भाग बेटच होतो. सकाळी पूल चालू असून भागत नाही, परत येतानाही तो चालू लागतो.

सोलापुरात ऊन पडलं म्हणून निवांत होऊ नका. सीनेला पाणी येतं वरच्या धरणांतून: सीना-कोळेगाव, चांदणी, खासापुरी. परांड्याकडे रात्री पाऊस कोसळला की इथे कोरड्या आभाळाखाली पूर येतो. भीमेचा हिशोब वेगळा. उजनी धरणाचा विसर्ग (सोडलेलं पाणी) आणि वीर धरणातून नीरेला सोडलेलं पाणी नरसिंहपूरला एकत्र होतं आणि पंढरपूरवरून खाली येतं. त्याला इकडे पोचायला वेळ लागतो, म्हणून आजच्या आकड्यावर जाऊ नका, काल-परवाचा विसर्ग बघा.

शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी पहाटे, दोन्ही वेळा दोन्ही नद्यांचा विसर्ग उतरता असेल तरच कुडल. एकीचाही चढता असला तर नाव काढू नका.

बाळीवेसकर
आणि आत असताना वडकबाळ बंद झालं तर?

हत्तूरनाका
मंद्रूपहून कामतीला या आणि तिऱ्ह्याच्या पुलाने सोलापूर गाठा. तिऱ्हेही बंद असेल तर कामती, कुरुल, मोहोळ करून पुणे रोडवरचा लांबोटीचा पूल. पण तिन्ही पूल एकाच सीनेवर आहेत, हे विसरू नका. सप्टेंबर २०२५च्या पुरात विजयपूर महामार्गही अडला आणि लांबोटीजवळ पुणे महामार्गही. तसं झालं तर फाटे शोधत फिरू नका, मंद्रूप किंवा मोहोळला थांबा. कडक भाकरी आणि शेंगाचटणी गाडीत असू द्या. सोलापूरकराला हे सांगायला नको, पण पाहुण्यांच्या गाडीत नुसता वेफर्सचा ढीग असतो.

गॅरेजवाले अण्णा
स्विफ्ट घरी ठेवा. खालून जेमतेम १६ सेंटीमीटर जागा आहे तिला. वाहतं पाणी ३० सेंटीमीटर असलं तरी छोटी गाडी उचलून बाजूला सरकवतं, आणि बिनकठड्याच्या पुलावर बाजूला म्हणजे थेट नदीत. ट्रॅव्हलर जड आहे म्हणून तीही पाण्यात घालू नका. गढूळ पाण्याखाली डांबर शिल्लक आहे की वाहून गेलंय ते दिसत नाही. ड्रायव्हर म्हणेल "जातंय की ओ", तुम्ही ऐकू नका.

साचलेल्या पाण्यात इंजिन बंद पडलं तर सेल (स्टार्टर) मारायचा नाही, अजिबात नाही. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असतं, ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलून बाहेर काढा, टोचन करून गॅरेजला न्या. पाण्यातून नीट बाहेर आलात तर पुढचे शे-दोनशे मीटर हळू चालवत ब्रेक हलके दाबत राहा, ओले ब्रेक लागत नाहीत.

आता रुतण्याचं. आपली काळी माती टायरच्या नक्षीत भरली की टायर गुळगुळीत होतो. म्हणून पार्किंगसाठी सुद्धा डांबर सोडू नका, कडेची हिरवळ फसवी असते. रुतलीच तर रेस करू नका, चाक खड्डा करून आणखी खाली जातं. सगळ्यांना उतरवा. ट्रॅव्हलरला जोर मागच्या चाकांचा, तेव्हा मागच्या चाकांपुढची माती फावड्याने काढून उसाचं पाचट किंवा पोती घाला आणि दुसऱ्या गिअरमध्ये हळूच क्लच सोडा. बरोबर ठेवा: फावडं, चार रिकामी पोती, टोचनचा पट्टा, हवेचा छोटा पंप, हातातली बॅटरी (टॉर्च). पट्टा हुकालाच बांधा, बंपरला बांधलात तर बंपरच हातात येईल.

पाणीमहाल
क्रम उलटा करा. नळदुर्ग आधी. हैदराबाद रोडला सीना आडवी येत नाही, आणि असा पाऊस म्हणजे नळदुर्गचे खरे दिवस. वरचं बोरी धरण भरून वाहिलं की किल्ल्यातल्या बंधाऱ्यावरून नर आणि मादी हे दोन्ही धबधबे सुरू होतात. बंधाऱ्याच्या पोटात पाणी महाल आहे, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात १६१३ साली बांधलेला. मात्र पाणी जास्त असेल तर तिथले जिने बंद असू शकतात. रखवालदार नाही म्हणाला तर हुज्जत नको, समोरून धबधबा उलट पूर्ण दिसतो. दगडावर शेवाळ असतं, त्यामुळे चामडी चपला नकोत. उपळ्या बुरुजाचा चढ वयस्करांना नको.

कुडल झालंच तर संगमेश्वर मंदिरातली तुळई (छताखालचा आडवा दगड) चुकवू नका. तिच्यावर शके ९४०चा, म्हणजे इ.स. १०१८चा मराठी लेख आहे, वाचणारा विजयी होवो अशा अर्थाचे शब्द त्यात आहेत. अंधार असतो, बॅटरी बाजूने तिरकी धरा, अक्षरं उठून दिसतात. शेजारच्या मंदिरातलं बहुमुखी शिवलिंगही दाखवा. पाण्याजवळ फोटोला कुणाला सोडू नका, काठाची माती आतून पोखरलेली असते.

बाळीवेसकर
ठीक. शनिवारी नळदुर्ग आणि सिद्धेश्वर पक्कं, स्विफ्ट रद्द. कुडल रविवारवर ढकलतो, तेही दोन्ही विसर्ग उतरले तर.

हत्तूरनाका
रविवारी निघालात तर वडकबाळ ओलांडताना पुलाच्या खांबावर पाणी कुठवर आहे त्याचा फोटो काढा. कुडलला तासाभरापेक्षा जास्त थांबू नका. आणि वाटेतल्या हत्तूर गावातला कुणी ओळखीचा असेल तर त्याचा नंबर घेऊन ठेवा, पाणी चढायला लागलं की तो आधी सांगेल.