मदत हवी आहे : मालक पाहून बातमी नाकारणे हा तर्कदोष कधी ठरतो?

वाचनमंडळातील चर्चेसाठी मला एका मुद्द्यावर मार्गदर्शन हवे आहे. 'लोकमत'च्या दर्डा कुटुंबातील सदस्यांनी काँग्रेसतर्फे खासदारकी आणि मंत्रिपद भूषवले, 'सामना' तर उघडपणे पक्षाचे मुखपत्रच आहे, आणि डिसेंबर २०२२ मध्ये एनडीटीव्हीचे नियंत्रण अदानी समूहाकडे गेले. तरीही 'मालक अमुक, म्हणून बातमी खोटी' हे अनुमान सदोषच आहे, कारण बातमीचा खरेखोटेपणा पुराव्यावर ठरतो. परंतु मालकाच्या उद्योगाविषयी एखादी वाहिनी गप्पच राहिली, तर तपासायला बातमीच उरत नाही (माझ्या मते पक्षपात छापण्यापेक्षा वगळण्यात अधिक असतो), आणि तेथे मालकीकडे बोट दाखवणे मला रास्त वाटते. मौनाचा असा आरोप निव्वळ हेत्वारोप ठरू नये, यासाठी कोणता पुरावा पुरेसा मानावा? प्रतिस्पर्धी वृत्तपत्रांतील त्याच आठवड्याच्या बातम्यांशी तुलना केली तर चालेल का?