इसारचिठ्ठीतली अन्यायी अट रोखायची कोणी, आमदारांनी की कोर्टानं?

संत्राबाग, वरुड तालुका
संत्र्याचा आंबिया बार, म्हणजे त्या हंगामाचं पीक, व्यापाऱ्याला उक्ता दिला होता, झाडावरचा सगळा माल एकाच ठोक रकमेत. आगाऊ रक्कम, म्हणजे इसार घेताना सही करायच्या इसारचिठ्ठीत ओळ होती: ‘तोडीची तारीख घेणारा ठरवील, तोवरची गळ देणाऱ्याची.’ गळ म्हणजे गळून पडलेल्या फळांचं नुकसान. बाबांनी ती वाचली, तरी सही केली. दुसऱ्या दिवशी बँकेत हप्ता भरायचा होता. मग भाव पडले, तोड लांबत गेली, झाडाखाली संत्र्यांचा सडा. हिशेबात सगळी गळ आमच्या नावावर.

मी एलएलएमला आहे, म्हणून हा प्रश्न डोक्यातून जात नाही. 1986 साली ब्रोजोनाथ गांगुली प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की दोन बाजूंची ताकद फारच विषम असेल, तर जुलमी अट करार कायद्याच्या कलम 23 खाली रद्द होते. पण तो नोकरीचा करार होता, आणि दोघंही व्यावसायिक असतील तर हे तत्त्व कदाचित लागू होणार नाही, असंही त्याच निकालात आहे. मग माझे बाबा व्यावसायिक का? कायद्यात सुधारणा सुचवणाऱ्या विधी आयोगाच्या 2006 च्या 199 व्या अहवालात अन्यायी अटींवर विधेयकाचा मसुदाच आहे. त्याचा कायदा झाला नाही. करार हा विषय समवर्ती सूचीत आहे, म्हणजे विधानसभाही कायदा करू शकते. विदर्भाच्या 62 आमदारांनी तो मागितला पाहिजे.

यवतमाळचा वकील
प्रश्न खरा आहे, उपाय पटत नाही. आधी आपले 66 आमदार होते, 2008 च्या मतदारसंघ पुनर्रचनेत 62 उरले. त्यांच्या डोक्यावर 1985 पासून पक्षांतरबंदी. व्हिप, म्हणजे पक्षाचा आदेश, निघाला की मत पक्षाचं, मतदारसंघाचं नाही. आणि कायदा होतो कसा तेही पाहिलंय. 2020 चा करार शेतीचा कायदा राज्यसभेत आवाजी मतदानानं झाला. त्याच्या कलम 19 नं दिवाणी कोर्टाचं दारच बंद केलं होतं, वाद न्यायचा प्रांताधिकाऱ्याकडे. 2021 मध्ये तो रद्द झाला म्हणून सुटलो. त्यापेक्षा कोर्ट बरं. राष्ट्रीय बियाणे महामंडळाविरुद्धच्या 2012 च्या निकालात बियाणं घेणारा शेतकरी ग्राहक ठरला, करारात लवादाची अट असूनही ग्राहक मंच खुला राहिला.

संत्राबाग
दादा, तिथं शेतकरी विकत घेणारा होता. आम्ही विकणारे. ग्राहक कायद्यात ‘अन्यायी करार’ 2019 पासून आहे, पण तो ग्राहकासाठी. गळीसाठी दिवाणी दावा लावला तर निकालापर्यंत किती बार जातील, ते तुम्हीच सांगा. व्हिपचं म्हणणं मान्य आहे. पण विधेयक पडलं तरी त्यावर कोण काय बोललं ते सभागृहाच्या कामकाजात राहतं, मत मागायला आल्यावर विचारता येतं.

बगीचे घेणारा, मोर्शी
ताई, मी याच धंद्यातला. इसार दिला का माहे पैसे अडकले. दिल्लीत भाव पडला तं मले कोण भरून देते? तोडीची तारीख कायद्यानं बांधली तं मी इसारच देणार नाही, माल तयार झाला का पाहूनच घेईन. मंग पोळ्याच्या टायमाले तुमच्या बाबाले पैसे कोण देईन? समदे व्यापारी लुटारू हायेत असं लिहू नका.

संत्राबाग
भाऊ, लुटारू मी कुणालाच म्हटलं नाही. पोळ्याला पैसा लागतो हेही खरं, त्याच पैशासाठी बाबांनी सही केली. भावाची जोखीम तुमची, पावसाची आमची, इथवर ठीक. पण थांबायचं तुम्ही ठरवायचं आणि थांबल्याचं नुकसान आम्ही सोसायचं, हे काहून? तुम्ही तारीख लिहून द्याल का?

बगीचे घेणारा
लिहून देतो. दिवाळीपर्यंतची गळ तुमची, त्याच्यानंतरची अर्धीअर्धी.

यवतमाळचा वकील
बघा, कायद्याशिवाय जमलं.

संत्राबाग
माझं जमलं, कारण मला चिठ्ठी वाचून भांडता येतं. शेजारच्या काकू अंगठा देतात, त्यांच्या चिठ्ठीत तीच जुनी ओळ आहे. आणि भाऊ, अर्धीअर्धी नाही. दिवाळीनंतर फळ तुमच्या सांगण्यावरून झाडावर राहतं, तेव्हाची गळ पूर्ण तुमची लिहा.