फिल्टरपेक्षा हूड लावा
यूव्ही फिल्टर (लेन्सच्या तोंडावर बसवायची पातळ सपाट काच) असला की कॅमेऱ्याची लेन्स पडली तरी वाचते, असं या चर्चेत दोघांनी लिहिलंय. धूळ आणि समुद्राच्या खाऱ्या तुषारांसाठी फिल्टर हवाच, पण पडण्याच्या बाबतीत मला हे पटत नाही. लेन्सची पुढची काच फिल्टरपेक्षा पुष्कळ जाड असते. तिला काही झालं नसतं अशा धक्क्यातही फिल्टर फुटतो. राजमाचीला माझी ५० मिमी लेन्स कातळावर पडली, तेव्हा फिल्टरचे तुकडेच पुढच्या काचेवर घासले आणि फिल्टरची कडी वाकून लेन्सच्या आट्यांत अशी रुतली की दुरुस्तीवाल्याला ती कापून काढावी लागली. तेव्हापासून प्लास्टिकचा हूड (लेन्सच्या पुढे बाहेर येणारी कड) कायम असतो, तोही सरळ लावलेला. उलटा ठेवला तर काच उघडीच राहते.

आणखी एक, पडल्यावर काच धड दिसली तरी आतलं भिंग सरकलेलं असू शकतं. भिंतीवर वर्तमानपत्राचं पान सपाट चिकटवा, ट्रायपॉड अगदी समोर लावा आणि अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत घेणारं छिद्र) पूर्ण उघडून फोटो काढा. चारही कोपऱ्यांतली अक्षरं मोठी करून बघा; एखादाच कोपरा धूसर असेल तर भिंग सरकलेलं असू शकतं. माझ्या फोटोत उजवीकडच्या एका कोपऱ्यातल्या छोट्या जाहिराती वाचताच येत नव्हत्या, बाकी तिन्ही कोपरे स्वच्छ होते.