दूरदर्शनने सोलापूरवर नाट्यमालिका करावी का?

पूर्वभागकर :
सोलापूर पडद्यावर येते ते बहुधा माहितीपटातून, आणि त्याचा क्रमही ठरलेला असतो : भुईकोट किल्ला, सिद्धेश्वर तलाव, चादर, शेंगाचटणी आणि शेवटी चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना हार. माझे म्हणणे असे आहे की सह्याद्री वाहिनीने या शहरावर सलग भागांची नाट्यमालिका करावी आणि तिचा कणा 1930 चा मे महिना असावा. गांधीजींच्या अटकेची बातमी येऊन धडकल्यावर शहर पेटले, 8 मे रोजी गोळीबार झाला, मंगळवार पेठेतील पोलीस चौकी जाळली गेली, पुढचे काही दिवस इंग्रजांचा अंमल नावालाही उरला नाही आणि मग जो लष्करी कायदा पुकारला गेला, त्यात डोक्यावर गांधी टोपी दिसली तरी शिक्षा होई. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी देण्यात आली. ही तारीख नेमकी गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, तोंडावर येते. सकाळी पुतळ्यांना हार पडतात आणि दुपारपर्यंत सगळ्यांचे लक्ष यात्रा भरते त्या होम मैदानाकडे लागलेले असते. खासगी वाहिन्यांना टीआरपी सांभाळायचा असल्यामुळे त्या सासू-सुनेच्या वाड्याबाहेर पाऊल टाकणार नाहीत. हे काम जनतेच्या पैशावर चालणाऱ्या वाहिनीचेच आहे.

बाळीवेसकर :
आपली तळमळ मान्य, उपाय अमान्य. नाट्यमालिका म्हटली की नायक आला, खलनायक आला, पार्श्वसंगीत आले. चौकी जाळली गेली त्या जमावात कोण होते आणि कोण नव्हते, फाशी झालेल्या चौघांवरचा आरोप किती टिकणारा होता, हे प्रश्न संवादलेखकाच्या हाती देण्यासारखे नाहीत. शिवाय हे चौघे चार समाजांचे. कोणाला किती भाग मिळाले याची मोजणी पहिल्याच आठवड्यात सुरू होईल आणि पुढचे मोर्चे जिल्हाधिकारी कार्यालयावर निघतील. दूरदर्शनच्या जुन्या मालिकांत ‘मालगुडी डेज’चे नाव हमखास घेतले जाते, पण मालगुडी हे काल्पनिक गाव होते आणि त्याचे चित्रण कर्नाटकातील आगुंबे येथे झाले, त्यातल्या कोणाचा नातू आक्षेप घ्यायला येण्याचा संभवच नव्हता. आपल्याकडे ती मुभा नाही. त्या पैशात वृद्ध गिरणी कामगारांच्या आणि हुतात्म्यांच्या कुटुंबीयांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून ठेवल्या तर निदान पुढच्या अभ्यासकाच्या हाती काही लागेल.

विजापूर रोडवरून :
एकच शंका. सह्याद्री आता पाहते कोण? आमच्या सोसायटीत तरी कोणी नाही.

साखरपेठकर :
मालिका व्हावी या मताचा मी आहे, पण कणा म्हणून 1930 नको. या शहराचे नाट्य रोजच्या जगण्यात आहे. 1870 च्या दशकात उभी राहिलेली जुनी गिरणी, पुढे लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी. भोंग्यावर घड्याळ लावणारे शहर त्या एकेक बंद पडताना बघत बसले आणि पूर्व भागातल्या यंत्रमागांच्या खडखडाटात त्यातले किती कामगार सामावले गेले, किती पुण्या-मुंबईला गेले, यावर कोणी धड लिहिलेलेही नाही. घराच्या उंबऱ्यात मांडीवर सूप घेऊन बसलेली बाई तेंदूचे पान कात्रीने कापते, चिमूटभर तंबाखू पसरते, वळते, दोरा गुंडाळते आणि संध्याकाळी कारखान्यात गेल्यावर तिच्या डोळ्यांदेखत त्यातल्या कितीतरी विड्या छाट म्हणून बाजूला काढल्या जातात. या एका प्रसंगात मालिकेचा भाग उभा राहतो.

दुसरे असे की ही बाई तेलुगू बोलेल, मुकादमाशी मराठीत भांडेल आणि शेजारणीशी दख्खनीत. सिद्धेश्वर यात्रेच्या अक्षता सोहळ्यात, म्हणजे प्रतीकात्मक विवाहात, संमतीचे वाचन कन्नडमध्ये होते आणि अक्षता टाकणाऱ्या गर्दीत कोणालाही ते परके वाटत नाही. मालिकेत मात्र सगळ्यांच्या तोंडी एक तर सदाशिव पेठ येईल, नाही तर वाई-साताऱ्याकडची ठरीव ग्रामीण बोली. तसे होणार असेल तर न केलेली बरी.

पूर्वभागकर :
बाळीवेसकर सर, आक्षेप आणि मोर्चे यांचे भय नवे नाही. फाळणीवरील ‘तमस’ दूरदर्शनने 1988 मध्ये दाखवली तेव्हा ती थांबवण्यासाठी लोक थेट सर्वोच्च न्यायालयात गेले होते. न्यायालयाने प्रक्षेपण रोखण्यास नकार दिला. नाजूक विषय नीट हाताळता येतो, याचा दाखला सरकारी वाहिनीनेच घालून दिलेला आहे. मुख्य पात्रे काल्पनिक ठेवावीत : जुन्या गिरणीतला एक साचेवाला म्हणजे माग चालवणारा, त्याचे पद्मशाली म्हणजे तेलुगू विणकर समाजातले शेजारी, एक उर्दू छापखाना. कुर्बान हुसेन ‘गझनफर’ हे साप्ताहिक चालवीत, त्यामुळे छापखाना ओढून आणावा लागणार नाही. हुतात्मे दुरून दिसावेत, संवाद त्यांच्या तोंडी घालूच नयेत. साखरपेठकरांचा भाषेचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. तेलुगू-कन्नड संवाद तसेच ठेवून खाली मराठी ओळी द्याव्यात. पाहते कोण, याचे उत्तर सोपे आहे : दूरदर्शनचे जुने कार्यक्रम आज मोबाइलवर पाहिले जातात, तसे हेही पाहिले जाईल.

बाळीवेसकर :
‘तमस’चा दाखला चांगला आहे, पण तो माझ्याच बाजूने जातो. तिच्यामागे गोविंद निहलानी होते आणि आधी लिहिली गेलेली भीष्म साहनींची कादंबरी होती. सोलापूरच्या गिरणगावावर तशा ताकदीची पटकथेची सामग्री आज कोणापाशी आहे? साखरपेठकर स्वतःच म्हणतात की धड लिहिलेले नाही. मग आधी आठवणी गोळा करा, कागदपत्रे धुंडाळा, त्यावर कोणी लिहू द्या. दुरून दिसणारे हुतात्मे ही कल्पना मात्र मला पटली. पुतळ्यांच्या तोंडी भाषणे घालण्यापेक्षा ती कितीतरी बरी.

साखरपेठकर :
आठवणी गोळा करेपर्यंत आठवणी सांगणारे थांबणार आहेत का? दोन्ही कामे एकाच निधीतून, एकाच वेळी व्हावीत. संशोधन करणाऱ्यांनीच पटकथेवर बसावे आणि त्यांत निदान एक जण तेलुगू आणि एक जण कन्नड जाणणारा असावा, एवढी अट घातली तरी पुरे.