मदत हवी आहे: शेजारच्या काकांच्या सिनेमाचं परीक्षण कसं लिहू?

नमस्कार मंडळी,

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीचं छोटंसं मासिक निघतं. त्यातलं सिनेमा-वेबसिरीजचं पान माझ्या गळ्यात पडलंय. वेबसिरीजचं जमून जातं. लोकांना दोनच गोष्टी हव्या असतात: बघू की नको, आणि आजी-आजोबा हॉलमध्ये असताना लावता येईल का. दुसऱ्यासाठी मी १३+, १६+ च्या शिक्क्यावर विसंबत नाही. २०२१ च्या नियमांप्रमाणे ओटीटीवाले तो स्वतःच ठरवून लावतात, आणि नुसत्या १६+ वरून शिव्या आहेत की रक्तपात, काय कळणार? मी सरळ लिहिते, "दुसऱ्या भागापासून शिव्या, रिमोट हाताशी ठेवा."

आता खरी अडचण. बी विंगमधले एक काका रिटायर झाल्यापासून मालिकांत छोटी कामं करतात. (सेट आमच्याकडून जवळच. काका सकाळी सातला डबा घेऊन रिक्षा शोधताना दिसले की समजायचं, आज शूटिंग.) यंदा त्यांना एका मराठी सिनेमात बऱ्यापैकी भूमिका मिळाली. आम्ही अर्धी सोसायटी मिळून पाहायला गेलो.

सिनेमा रटाळ आहे हो. मध्यंतरापर्यंत गोष्ट जागची हलत नाही आणि कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं रे आलं की सारंगी सुरू. काका मात्र खरंच छान! मुलगा घर विकायचं काढतो तेव्हा ते चष्मा पुसायला घेतात. काच स्वच्छ होते, तरी पुसतच राहतात. मुलगा बोलायचा थांबतो, मगच चष्मा डोळ्यांवर चढतो. तोंडातून शब्द नाही.

सेक्रेटरींचा निरोप आलाय, "आपल्या माणसाचा सिनेमा आहे, चार स्टार टाक." काकू लिफ्टमध्ये भेटल्या की विचारतात, "कधी येतंय गं?" अंक एक तारखेला निघतो, तोवर सिनेमा थिएटरातून उतरलेला असेल, म्हणजे तिकीटविक्रीवर माझ्यामुळे पाणी पडणार नाही. पण उद्या ओटीटीवर आला की लोक माझ्या भरवशावर दोन तास घालवतील. काय लिहू?

ऐरोलीकर: आधी स्टार बंद कर. साडेतीन की चार, यावरच भांडणं होतात. चष्म्याचा प्रसंग इथे लिहिलास तसाच सुरुवातीला घे. मग सिनेमाकडे वळ आणि कुठे कंटाळा आला ते सांग. फक्त "काका उत्तम, पण सिनेमा..." असं एका वाक्यात नको. लोकांना 'पण'च्या पुढचंच लक्षात राहतं.

नौपाडा_कट्टा: असहमत. रोज लिफ्टमध्ये भेटणाऱ्या माणसाच्या सिनेमाचं परीक्षण करूच नये. त्यांची मुलाखत घे. बारा तासांची शिफ्ट, आयत्या वेळी हातात पडणारे संवाद, हे वाचायला मजा येईल. परीक्षण लिहायचंच असेल तर "यातले एक कलाकार आमचे शेजारी आहेत" हे पहिल्याच ओळीत येऊ दे.

मिसळप्रेमी: थोडं अवांतर. शेवट फोडू नकोस, घर विकलं की नाही तेही नाही. परेश मोकाशींचा 'वाळवी' (२०२३) मी लोकांना एवढाच सांगायचो: नवरा आणि त्याची मैत्रीण बायकोचा काटा काढायचं ठरवतात. पुढे अवाक्षर नाही. तेवढ्यावर सगळ्यांनी पाहिला.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. स्टार या अंकापासून सगळ्यांचेच बंद करते, म्हणजे काकांचेच कापले असं कुणाला वाटायला नको. पहिली ओळ नौपाडा_कट्टा म्हणतात तशी. मुलाखतीचं काकांना विचारलं, तर म्हणाले, "आधी परीक्षण येऊ दे, मग बघू." आता सारंगीबद्दल लिहू की नको ते सांगा. संगीतकार काकूंचा भाचा निघाला.